तारण मालाचा तपशील

आईचं कपाट आवरत होते. तिच्या जुन्या पवित्र शास्त्राच्या मागल्या कव्हरात घडी करून ठेवलेला एक कागद सापडला. पतसंस्थेची पावती. कडा पिवळ्या पडलेल्या, घडीवर फाटत आलेली. साल १९८६. 'तारण मालाचा तपशील' या रकान्यात निळ्या शाईनं लिहिलेलं : 'सोन्याच्या पाटल्या, नग दोन, वजन साडेतीन तोळे.' खाली आईची सही, शाळेतल्या मुलीसारखी गोल गोल. आणि त्यावर आडवा शिक्का : 'माल परत दिला.'

कोल्हापुरातल्या ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसाच्या कानावर 'तारण' हा शब्द दिवसातून चारदा पडतो. सकाळच्या प्रार्थनेत पडतो, गीतात पडतो, घरी आलेल्या पाळकसाहेबांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, बोलण्यात पडतो. 'आमचा तारणारा प्रभू येशू' हे शब्द मला 'पाणी दे'सारखे पाठ होते. आणि घराबाहेर पडलं की लक्ष्मीपुरीत, शाहूपुरीत, जिकडेतिकडे पतसंस्थांच्या पाट्या : सोने तारण कर्ज त्वरित मिळेल. मी नऊ वर्षांची होते. दोन्ही ठिकाणी शब्द एकच होता, तेव्हा अर्थही एकच असणार असं मी धरून चालले होते. त्या वर्षी पप्पांचं पोटाचं ऑपरेशन झालं. त्यांना मिरजेला नेलं होतं. शिक्षकाचा पगार, पदरात तीन मुलं. आईच्या हातातल्या पाटल्या एका दुपारी नाहीशा झाल्या. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तारण ठेवल्यात."

मी आजीकडे गेले. आजी म्हणजे पप्पांची आई. तरुणपणी ती मिशनची बायबल बाई होती. पन्हाळ्याच्या बाजूच्या वाड्यावस्त्यांवर पायी फिरायची, बायकांना वाचायला शिकवायची, शास्त्रातल्या गोष्टी सांगायची. मी विचारलं, "आजी, येशूपण सोनं ठेवून घेतो का?"

आजी हसली नाही. तांदूळ निवडायचं थांबवून म्हणाली, "सोनं आपण गं. आपण गहाण पडलेलो. सोडवायला आपल्याजवळ पैसा न्हवता. त्यानं भरला."

आणि परत तांदूळ निवडू लागली.

चौदा महिन्यांनी एका रविवारी मामा आला. तो उद्यमनगरात लेथवर कामाला होता, हाताच्या रेषांत कायम काळं तेल. चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "ताई, उद्या चल. पाटल्या सोडवून आणू." आईनं त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. व्याज किती चढलंय हे तिनं त्याला सांगितलंही नव्हतं. तो आधीच जाऊन विचारून आला होता. सोमवारी संध्याकाळी आई परत आली ती पदराखाली हात घेऊन. घरात आल्यावर तिनं हात बाहेर काढले. मला आठवतं, त्या दिवशी तिनं भाकरी थापली ती पाटल्यांचा आवाज करत, मुद्दाम.

पुढे पंधराव्या वर्षी मी प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायच्या विधीला, बसण्याआधीच्या वर्गात गेले. आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या वळणाची. १८५२ साली रॉयल वायल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले, १८७० मध्ये ते काम प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं, आणि त्यांच्याबरोबर प्रश्नोत्तरांतून धर्म शिकवायची पद्धतही आली. पाळकसाहेबांनी फळ्यावर एकाखाली एक सात शब्द लिहिले. पाचारण. नवा जन्म. पश्चात्ताप आणि विश्वास. नीतिमान ठरणे. दत्तकपण. पवित्रीकरण. गौरव. "हा तारणाचा क्रम," ते म्हणाले. देव हाक मारतो, मेलेल्या मनात नवं जीवन घालतो, मग माणूस पापाकडे पाठ फिरवून ख्रिस्तावर विश्वास ठेवतो, त्या विश्वासाच्या द्वारे देव त्याला नीतिमान म्हणून जाहीर करतो, आपलं लेकरू करून घेतो, आयुष्यभर त्याला घडवत राहतो आणि शेवटी आपल्या गौरवात घेतो.

फळ्यावर ते शब्द वरून खाली उतरत होते. मी वहीत ते खालून वर लिहिले, पायऱ्यांसारखे. सर्वांत खाली पाचारण, वर गौरव. मला कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं. मात्र त्यानंतर वीसेक वर्षं मी त्या शिडीच्या पायथ्याशी उभी राहून वर बघत होते.

त्याचं एक कारण म्हणजे बाहेरगावचे एक वक्ते. संजीवन सभा होती, म्हणजे लोकांचा विश्वास नव्यानं जागवायची सभा. मांडव, ट्यूबलाइट, खाली सतरंज्या. वक्त्यांनी समोरच्या तरुण मुलांकडे बोट करून विचारलं, "तुझं तारण कधी झालं? तारीख सांग." एक मुलगा उठला, त्यानं तारीख सांगितली, वेळही सांगितली. दुसरी उठली. तिनंही सांगितली. माझ्याकडे तारीख नव्हती. माझा जन्मच या घरात झालेला. येशूवर माझं प्रेम नव्हतं असा एक दिवस मला आठवत नव्हता, आणि ते प्रेम सुरू झालं असाही दिवस आठवत नव्हता. त्या रात्री अंथरुणात पडून मी एक तारीख तयार करायचा प्रयत्न केला. खूप रडले, आता झालं असेल असं वाटलं, सकाळी उठून कॅलेंडरवर पेन्सिलीनं खूण केली. आठवड्यानं धाकट्या भावाला मारलं आणि ती खूण खोडून टाकली.

हे आज हलकं वाटेल कुणाला. मला ते अजिबात हलकं वाटत नाही. सोळा वर्षांची मुलगी रात्री जागी राहून, आपण देवाच्या आहोत की नाही, हे कॅलेंडरवर शोधते, ही दुःखाची गोष्ट आहे. ज्या शिकवणीनं तिला निवांत झोप लागायला हवी, तिनंच तिची झोप उडवली.

पुढे पंडिता रमाबाईंबद्दल वाचलं आणि थोडा धीर आला. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथं झाला. तोवर त्यांनी शास्त्रंपुराणं कोळून प्यायलेली. ख्रिस्ती धर्म त्यांनी विचार करून, वाद घालून, पटवून घेऊन स्वीकारला. आणि तरीही पुढे त्यांनी स्वतःच्या साक्षीत मोकळेपणानं लिहिलं, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडला १८९१ च्या सुमारास, पुण्यात, शारदा सदन या आपल्या विधवाश्रमाच्या धबडग्यात असताना. मग रमाबाईंचं तारण कधी झालं म्हणायचं? १८८३ ला की १८९१ ला? त्यांनी स्वतः हा प्रश्न कॅलेंडरवर सोडवत बसण्यात वेळ घालवला नाही, त्यांच्यापुढे दुष्काळातल्या मुली होत्या. टिळकांच्या घरीही असंच. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. एकाच घरात पाच वर्षांचं अंतर, आणि त्या पाच वर्षांत लक्ष्मीबाईंच्या मनात काय काय हललं याला तारीख नाही. मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीला मात्र तारीख होती : २४ मे १७३८, लंडनमधली एक संध्याकाळ. तीही खरी. कुणाला दार उघडल्याचा आवाज ऐकू येतो, कुणी झोपेतच घरात आणलं जातं.

खरा उलगडा मला शाळेत झाला, इतिहासाच्या तासाला.

मी शाळेत इतिहास शिकवते. कोल्हापुरात राजर्षी शाहूंचा धडा शिकवताना शिक्षकाला वेगळी तयारी करावी लागत नाही, मुलांना घरूनच निम्मं येत असतं. मी फळ्यावर सनावळी लिहीत होते. २६ जून १८७४, कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतरावांचा जन्म. १८८३, चौथे शिवाजी महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात वारले, गादी रिकामी. १७ मार्च १८८४, आनंदीबाई राणीसाहेबांनी यशवंतरावांना दत्तक घेतलं, नाव ठेवलं शाहू. २ एप्रिल १८९४, राज्याधिकार. पुढल्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "बाई, मग मधली दहा वर्षं ते राजे होते की नव्हते?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि खडू हातात तसाच राहिला. कारण आदल्याच रविवारी उपासनेत बायबलमधल्या, प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय वाचला होता. त्यात पौल म्हणतो, तुम्हाला दत्तकपणाचा आत्मा मिळाला आहे, त्यामुळे आपण 'अब्बा, बापा' अशी हाक मारतो.

त्या नऊ वर्षांच्या मुलानं १७ मार्चला काय केलं होतं? काहीच नाही. राज्य चालवलं नव्हतं, परीक्षा दिली नव्हती. पुढे तो कसा राजा होणार हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याला घेतलं, एवढंच. एका दिवसात त्याचं नाव बदललं, घर बदललं, आई बदलली, वारसा बदलला. त्या दिवशी संध्याकाळी तो जेवढा छत्रपतींच्या घरचा होता तेवढाच पुढे मरेपर्यंत होता, गुंजभरही कमीजास्त नाही. मग त्याला राजकोटला पाठवलं, पुढे धारवाडला ठेवलं, फ्रेझर साहेबांच्या हाताखाली इंग्रजी, इतिहास, राज्यकारभार शिकवला. दहा वर्षं. चुका झाल्या असतील, रुसवे झाले असतील, एखादा धडा आलाही नसेल. म्हणून कुणी म्हणालं नाही की गणित चुकलं, आता तू कागलला परत जा. शिकवत होते ते मुलगा व्हावा म्हणून नव्हे. तो मुलगा होता म्हणूनच शिकवत होते.

गलतीकरांस पत्रात हेच आहे. वारीस लहान असतो तोवर सगळ्याचा धनी असूनही पालकांच्या आणि कारभाऱ्यांच्या ताब्यात असतो, बापानं ठरवलेल्या मुदतीपर्यंत. हे वाक्य मी शंभरदा वाचलं असेल. आमच्या गावात ते घडून गेलंय, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"होतेही आणि व्हायचेही होते," मी त्या मुलीला म्हणाले. तिनं वहीत लिहून घेतलं.

प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत धर्म शिकवायला वापरतात त्या वेस्टमिन्स्टरच्या लहान प्रश्नोत्तरावलीत १०७ प्रश्न आहेत. १६४७ साली ती तयार झाली. आमच्या पाळकसाहेबांचा क्रम तिच्याच वळणाचा. तिच्यातला एक बारकावा मला त्या संध्याकाळी घरी येऊन पाहिल्यावर कळला. नीतिमान ठरवणं म्हणजे काय, या ३३व्या प्रश्नाच्या उत्तरात ते म्हणतात, ती देवाच्या कृपेची 'कृती' आहे. दत्तक घेणं म्हणजे काय, ३४वा प्रश्न, तेही 'कृती'. आणि ३५वा, पवित्रीकरण म्हणजे काय? तिथं शब्द बदलतो. तिथं ते 'कार्य' म्हणतात. कृती एकदा होते आणि पूर्ण होते, दत्तकविधानासारखी. कार्य चालू राहतं, धारवाडच्या शिकवणीसारखं. आणि दोन्हींच्या मागे 'देवाच्या कृपेचे' हेच शब्द. मी एवढी वर्षं कार्य तपासून कृती झाली का ते बघत होते. मुलाचं प्रगतिपुस्तक बघून तो आपलाच आहे ना, अशी शंका घेणाऱ्या आईसारखं.

पंडितांनी या क्रमावरून फार भांडणं केली आहेत. विश्वास आधी की नवा जन्म आधी, अशा वादांवर हॉलंडमधली डॉर्टची महासभा १६१८-१९ मध्ये महिनोन्महिने बसली. धर्मसुधारक कॅल्विनच्या वळणाचे म्हणतात, मेलेला माणूस विश्वास कसा ठेवेल, आधी जीव आला पाहिजे. डच धर्मपंडित आर्मिनियसच्या वळणाचे म्हणतात, देव सर्वांना हात देतो, तो हात धरायचा की नाही हे माणसाकडे आहे. नीतिमान ठरवणं ही नुसती घोषणा की आतून होणारा बदलही, यावरून रोमन कॅथलिक आणि ल्यूथरन यांच्यात दरी पडली. कॅथलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेनं १५४७ मध्ये आपली बाजू मांडली, आणि दोघांनी मिळून एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या त्या १९९९ मध्ये, ऑग्सबर्गला. साडेचारशे वर्षं गेली. या वादात अर्थ नाही असं मी म्हणणार नाही, त्यात जीव ओतलेली माणसं होती. पण पौलाचं जे मूळ वाक्य आहे, रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातलं तिसावं वचन, ते मला जास्त जवळचं वाटतं. ज्यांना त्यानं आगाऊ नेमलं त्यांना त्यानं पाचारण केलं, पाचारण केलं त्यांना नीतिमान ठरवलं, नीतिमान ठरवलं त्यांचा गौरवही केला. मराठीच्या शिक्षिकेसारखं मी त्याचं व्याकरण तपासलं. कर्ता एकच आहे, 'त्याने'. मी त्या वाक्यात कर्त्याच्या जागी कुठंच नाही. आणि काळ भूतकाळ. गौरवसुद्धा 'केला'. अजून व्हायचाय, तरी 'केला'. म्हणजे माझी वहीतली शिडी उलटीच होती. फळ्यावर वरून खाली आलेलं तेच बरोबर होतं.

तरी शास्त्रात तारणाचे तिन्ही काळ आहेत, हेही खरं. इफिसकरांना लिहिताना पौल म्हणतो, कृपेनेच तुमचं तारण झालेलं आहे. करिंथकरांना म्हणतो, आपण जे तारले जात आहोत. रोमकरांना म्हणतो, आपलं तारण आता अधिक जवळ आलं आहे. झालं, होत आहे, व्हायचं आहे. मामानं पैसे भरले तो सोमवार झाला. पाटल्या आईच्या हातात दिसत राहिल्या ती पुढची चाळीस वर्षं.

आमच्या शास्त्रातले शब्द बघितले तर सगळा बाजार आणि सगळं तलाठी कार्यालय तिथं भरलेलं आहे. खंडणी. सोडवणूक. विसार. विसार म्हणजे जमीन घेताना आधी द्यायची रक्कम. पवित्र आत्मा हा 'आपल्या वतनाचा विसार' आहे, असं मराठी शास्त्र सांगतं. ज्यांनी कधी गुंठाभर जागेसाठी विसार पावती केली आहे त्यांना हे वाक्य समजवायला लागत नाही. बाकी रक्कम यायची आहे, पण व्यवहार पक्का झालेला आहे.

'वतन' या शब्दापाशी मात्र मी दर वेळी थांबते. माझ्या पणजोबांकडेही वतन होतं. गावाची पडेल ती कामं करायची, सांगावा घेऊन रात्री-अपरात्री दुसऱ्या गावाला पळायचं, मेलेलं जनावर ओढायचं, आणि त्याबद्दल जमिनीचा एक तुकडा आणि दारोदारची भाकरी. वंशपरंपरा. बापानं केलं ते पोरानं करायचं, सुटका नाही. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानातली महार वतनं रद्द केली. आजी सांगायची, तिच्या सासऱ्यांना पहिल्यांदा कुणीतरी इफिसकरांस पत्र वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले होते, "वतन नको बाबा, लई झालं." मग वाचणाऱ्यानं त्यांना समजावलं, की हे वतन चाकराचं नाही, लेकाचं आहे. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "परत वाच."

तारण म्हणजे मेल्यावर स्वर्गात जायचं तिकीट, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा माणूस डोळ्यांपुढे आणावा. त्यांना तारण जिवंतपणी, गावाच्या वेशीबाहेर, चटईवर बसलेले असताना मिळालं. आजीनं पायी फिरून बायकांना अक्षरं शिकवली, ती त्याच लेकपणाच्या जोरावर.

आईला गेली तीन वर्षं विस्मरणाचा आजार आहे. आधी नावं गेली, मग दिवस गेले, मग आमचे चेहरे. प्रभूची प्रार्थना ती 'आमची रोजची भाकर' इथपर्यंत म्हणते आणि तिथून परत सुरुवातीला जाते. पाळकसाहेब महिन्यातून एकदा प्रभुभोजन घेऊन घरी येतात. ती भाकरीचा तुकडा हातात धरून बघत बसते, कधी खाते, कधी मला देते.

शेजारच्या वहिनी दर चैत्रात जोतिबाला जातात, येताना गुलाल आणि प्रसाद आणतात. आई शहाणी होती तेव्हा दोघींचं फार जमायचं. परवा आईचे केस विंचरायला मला मदत करता करता त्यांनी विचारलं, "एक विचारतो, राग मानू नका. आमच्यात म्हणतात, शेवटच्या घडीला मुखात देवाचं नाव यावं. काकूंना तर आता काय आठवतच नाही. मग तुमच्यात त्यांच्या मोक्षाचं कसं?"

त्यांचा प्रश्न मनापासूनचा होता. मी स्वतःला तोच विचारत होते. विश्वास म्हणजे मी घट्ट धरलेलं काहीतरी असेल, तर आईची मूठ सुटलेली आहे. शिडी असेल, तर ती कुठल्या पायरीवर आहे? तिला पश्चात्ताप करता येत नाही, कारण चूक आठवत नाही. कबुली देता येत नाही, कारण शब्द नाहीत.

मी वहिनींना मामाची गोष्ट सांगितली. पावती दाखवली. त्यांनी ती हातात घेऊन 'माल परत दिला' या शिक्क्यावरून बोट फिरवलं. "म्हणजे ह्यांना आठवायची गरज न्हाई म्हणता," त्या म्हणाल्या. "भरणाऱ्याला आठवतंय."

मी मान हलवली. मला पुढे बोलता आलं नाही.

आई आता रोज तिन्हीसांजेला अस्वस्थ होते. खोलीतल्या खोलीत फिरते, कपाट उघडते, बंद करते. मग माझ्याजवळ येऊन, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारते, "पाटल्या सोडवल्या का गं?"

मी तिचा हात धरून दिव्याखाली आणते. "सोडवल्या, आई. हे बघ. तुझ्याच हातात आहेत."

ती बघते. मनगट इतकं बारीक झालंय, की पाटल्या कोपरापर्यंत जातात. त्या ती सावकाश खाली ओढते, एकमेकींवर आपटून आवाज ऐकते आणि खुर्चीत बसते.